वाचक विचारतात : गिरणी बंद पडली की केली?

गेल्या महिन्यात विरामचिन्हांबद्दलच्या एका उत्तरात ओघाओघात मी सांगून गेले की, मी अठरा वर्षं एका डाव्या साप्ताहिकात मुद्रितं तपासली. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली, तेवढी अनुस्वारावर आजवर आली नव्हती. म्हणून या वेळी अनुस्वाराला सुट्टी. साप्ताहिकाचं नाव बऱ्याच जणांनी विचारलंय, ते सांगणार नाही. साप्ताहिक आता नाही, पण त्याच्याशी भांडलेली माणसं आहेत आणि ती हे सदर वाचतात.

प्रश्न : मी कादंबरी लिहितो आहे. नायक एका काल्पनिक डाव्या साप्ताहिकाचा संपादक आहे. साप्ताहिकाची भूमिका कळावी म्हणून पहिल्याच प्रकरणात मी चार पानांचं संपादकीय निवेदन घातलं आहे. मित्र म्हणतो, ते वाचून झोप येते. सोबत प्रकरण पाठवतो आहे. भूमिका दाखवायची तरी कशी?

मित्राला धरून ठेवा, असे मित्र सहज मिळत नाहीत.

प्रकरण वाचलं. आधी नावाचं बोलते. तुमच्या साप्ताहिकाच्या नावात ‘लाल’ही आहे आणि ‘ज्वाला’ही आहे. एकावर भागवा. लेनिन वगैरे मंडळींनी १९०० साली पत्र काढलं, त्याचं नाव नुसतं ‘इस्क्रा’, म्हणजे ठिणगी. पुढे काय पेटायचं ते पेटलं.

आता निवेदन. चार पानांची निवेदनं खऱ्या साप्ताहिकांतही असायची. आमच्याही पहिल्या अंकात होतं. मी ते वाचलं नोकरीच्या सहाव्या वर्षी, बांधीव फायलींवरची धूळ झटकताना. तोवर साप्ताहिकाची भूमिका मला तोंडपाठ झाली होती, आणि ती काही त्या निवेदनातून आलेली नव्हती. ती समासातून आली होती.

१९७१ साली मी लागले. पहिल्याच आठवड्यात एका बातमीचं गॅलीप्रूफ माझ्यापुढे आलं. वाक्य होतं : ‘गेल्या मंगळवारी गिरणी बंद पडली.’ वेलांटी जागेवर, पूर्णविराम जागेवर. मी बरोबरची खूण करून ते पुढे पाठवलं. संध्याकाळी परत आलं. ‘पडली’भोवती निळ्या पेन्सिलीचं वर्तुळ, आणि समासात एकच शब्द : ‘कोणी?’

मला वाटलं, बातमी कोणी दिली ते विचारताहेत. मी बातमीदाराचं नाव एका चिठ्ठीवर लिहून संपादकांकडे नेलं. त्यांनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, आणि अजिबात न हसता म्हणाले, ‘‘बाई, पाऊस पडतो. जुनी भिंत पडते. गिरणीच्या दाराला कुलूप लागतं ते कोणाच्या तरी हातानं लागतं. मालकांनी टाळेबंदी केली असेल तर तसं लिहा. कामगारांनी संप केला असेल तर तसं लिहा. ‘पडली’ लिहून दोघांनाही सोडून देऊ नका.’’

त्यानंतर ती पेन्सिल मला रोज भेटत गेली. ‘साखरेचे भाव वाढले’ : कोणी? वाढवले. ‘शंभर कामगार कमी झाले’ : ते आजारी पडून बारीक झाले का? कमी केले. ‘गोळीबार झाला आणि दोघे मृत्युमुखी पडले’, या वाक्यात तर दोन वर्तुळं. आपली मराठी या बाबतीत फार सोयीची भाषा आहे. कप फुटतो, दूध सांडतं, पैसे संपतात, सगळं आपोआप. कर्ता गाळला तरी वाक्य ताठ उभं राहतं, व्याकरणाची काही तक्रार नसते. चार वर्षांचं पोरही ‘मी फोडला’ म्हणत नाही, ‘फुटला’ म्हणतं. माझ्या संपादकांचं अख्खं डावेपण त्या क्रियापदांच्या दुरुस्तीत होतं. जे आपसूक घडल्यासारखं सांगितलं जातं, ते कोणी तरी केलेलं असतं, आणि केलेलं आहे म्हणजे बदलताही येतं, एवढंच त्यांचं म्हणणं. मार्क्सचा उतारा त्यांनी आठवड्याला एकदाही दिला नसेल.

तेव्हा निवेदन काढा. संपादकाच्या हातात पेन्सिल द्या, पुढ्यात एक कच्ची बातमी ठेवा आणि तो काय खोडतो ते दाखवा. आमच्याकडे सभेचा वृत्तांत आला की त्यात निम्मी जागा व्यासपीठावरच्या नावांनी खाल्लेली असायची. संपादकांचा नियम असा की मागण्या आधी, कोणी काय कबूल केलं ते मग, आणि नावं उरलेल्या जागेत. एकदा एक पुढारी अंक हातात घेऊन आले. त्यांचं नाव ‘व इतर’मध्ये गेलं होतं. ‘‘मी इतर?’’ म्हणाले. संपादक म्हणाले, ‘‘सभेला तीन हजार इतर होते. तुम्हाला सोबत चांगली मिळाली.’’ असा एक प्रसंग तुमच्या चार पानांना भारी पडेल.

दुसरं, तुमच्या नायकाला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक आहे. असं होत नाही. इटलीत ट्यूरिन शहरात १ मे १९१९ रोजी ग्रामशी, तोल्याती, तेरराचीनी आणि तास्का या चार समाजवाद्यांनी ‘लॉर्दिने नुओवो’ नावाचं साप्ताहिक काढलं. नावाचा अर्थ ‘नवी व्यवस्था’. पुढच्या वर्षी ग्रामशीने स्वतःच लिहून ठेवलंय की, सुरुवातीचे अंक म्हणजे नुसता संकलनाचा मामला होता, कामगारांच्या संस्कृतीबद्दलची एक धूसर ओढ, याहून जास्त काही त्यांच्यापाशी नव्हतं. मग प्रश्न निघाला, ट्यूरिनमध्ये रशियातल्या सोव्हिएतसारखं, म्हणजे कामगारांनी निवडलेल्या पंचायतीसारखं, काही आहे का? होतं. कारखान्यांतल्या ‘अंतर्गत समित्या’. तक्रारी ऐकणं, शिस्तीची प्रकरणं मिटवणं, असली किरकोळ कामं करणाऱ्या. या समित्यांतूनच कामगारांचं राज्य उभं राहू शकतं, असा लेख ग्रामशी आणि तोल्याती यांनी २१ जूनच्या अंकात छापला. तास्काला अंधारात ठेवून. ग्रामशीने त्याला संपादकीय सत्तापालटच म्हटलंय. आणि त्या लेखानंतर कारखान्यांतून बोलावणी यायला लागली. सप्टेंबरपासून फियाटच्या कारखान्यात कामगार विभागवार आपले प्रतिनिधी निवडू लागले. म्हणजे भूमिका सापडली ती साप्ताहिक निघाल्यावर सात आठवड्यांनी, आणि एका सहकाऱ्याशी कपट करून. कादंबरीकाराला आणखी काय हवं?

तिसरं आणि महत्त्वाचं. तुमच्या प्रकरणात साल नाही. ‘डावं’ म्हटलं की वाचकाला सगळं कळेल, असं तुम्ही धरून चाललात. कळत नाही. ‘डावं’ हा शब्द आला १७८९च्या फ्रेंच राष्ट्रसभेतल्या बसण्याच्या जागांवरून. राजाला नकाराधिकार द्यायला विरोध करणारे अध्यक्षांच्या डाव्या हाताला बसले. तेव्हापासून डाव्यांची जास्तीत जास्त भांडणं डाव्यांशीच झाली आहेत, आणि त्यातली पुष्कळशी संपादकांच्या टेबलावर. ‘इस्क्रा’चं संपादक मंडळ सहा जणांचं असावं की तिघांचं, यावर १९०३ साली लेनिनच्या पक्षाच्या लंडनच्या अधिवेशनात जे फाटलं ते परत कधी शिवलं गेलं नाही. त्या वेळच्या मतदानात ज्यांची सरशी झाली ते बोल्शेविक, म्हणजे बहुमतवाले. गंमत अशी की काही महिन्यांतच लेनिन मंडळातून बाहेर पडला आणि पत्र अल्पमतवाल्यांच्या हाती गेलं.

म्हणून तुमचा नायक १९५५ सालचा की १९५७ सालचा, हे मला पहिल्या पानावर कळायला हवं. मध्ये १९५६ आहे. फेब्रुवारीत सोव्हिएत पक्षाचा प्रमुख ख्रुश्चेव याने बंद दाराआड स्टालिनचे गुन्हे वाचून दाखवले, आणि नोव्हेंबरात सोव्हिएत रणगाड्यांनी हंगेरीतलं उठाव केलेलं बुडापेस्ट चिरडलं. ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाच्या ‘डेली वर्कर’ने पीटर फ्रायर नावाचा आपला बातमीदार हंगेरीला पाठवला होता. त्याने जे पाहिलं ते लिहिलं, आणि त्याच्याच पत्राने ते कापलं, दाबून ठेवलं. त्याने राजीनामा दिला. त्याच वर्षी ई. पी. थॉम्पसन आणि जॉन सॅव्हिल या पक्षातल्याच दोन इतिहासकारांनी ‘रीझनर’ नावाचं चक्रमुद्रित नियतकालिक काढलं. पक्षाने बंद करा म्हणून सांगितलं. त्यांनी तिसरा अंक काढला, पक्षाने त्यांना निलंबित केलं, त्यांनी पक्ष सोडला. तीन अंकांचं आयुष्य. पण त्यातून पुढे निघालेलं नियतकालिक आणि आणखी एक, अशी दोन मिळून १९६० साली ‘न्यू लेफ्ट रिव्ह्यू’ झालं, ते अजून चालू आहे.

माझी स्वतःची गोष्ट याहून लहान. बांधीव फायलींची ती धूळ झटकताना ऑगस्ट १९६८चे अंक हाताला लागले. प्राग. सोव्हिएत रणगाडे शिरले त्या आठवड्याचा अंक. पान तीनवर, खालच्या कोपऱ्यात, सहा ओळी : ‘चेकोस्लोव्हाकियातील परिस्थिती निवळत असून जनजीवन पूर्वपदावर येत आहे.’ वर्तुळ नाही, समास कोरा. मी फाईल तशीच उघडी संपादकांच्या टेबलावर नेऊन ठेवली. बोलले काहीच नाही. त्यांनी वाचलं, आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘‘त्या आठवड्यात मी रजेवर होतो.’’ नव्हते. हजेरीपट माझ्याच कपाटात असायचा.

तुमच्या नायकाला असा एक कोरा समास द्या. तो नसेल तर तो संपादक नाही, पुतळा आहे.

प्रश्न : पत्रकारितेची विद्यार्थिनी आहे. भांडवलाला विरोध करणारं नियतकालिक काढायला भांडवल कुठून येतं?

कुठूनही येतं, आणि टिकत नाही.

कार्ल मार्क्स ज्या ‘ऱ्हाइनिशे त्साइटुंग’चा १८४२च्या ऑक्टोबरात संपादक झाला, ते कोलोनच्या उदारमतवादी धनिकांनी भागभांडवल घालून काढलेलं पत्र होतं. त्यात त्याने जंगलात पडलेली लाकडं गोळा करणाऱ्या गरिबांना चोर ठरवणाऱ्या कायद्यावर लिहिलं. सरकारने पुढच्या वर्षी मार्चअखेर पत्राचा गळा दाबला. १८४८ साली त्याने ‘नॉए ऱ्हाइनिशे’ काढलं, तेही भागधारकांच्या पैशावर. जूनमध्ये पॅरिसच्या कामगारांनी उठाव केला, पत्राने त्यांची बाजू घेतली, आणि होते नव्हते ते भागधारक गळाले. १९ मे १८४९चा शेवटचा अंक लाल शाईत निघाला. पुस्तकांत लाल शाईचं कौतुक फार असतं. मला तिथं छापखान्याच्या हिशेबनिसाचं तोंड दिसतं.

उलट उदाहरणही आहे. न्यूयॉर्कचं ‘मंथली रिव्ह्यू’ मे १९४९मध्ये सुरू झालं, आणि पहिल्याच अंकात समाजवाद का हवा यावर आइन्स्टाइनचा लेख होता. पण आइन्स्टाइनच्या नावावर कागद मिळत नाही. मॅथिसन नावाच्या साहित्याच्या प्राध्यापकाने वर्षाला पाच हजार डॉलर, असे तीन वर्षं द्यायचं कबूल केलं, म्हणून ते निघू शकलं.

आमच्याकडे प्राध्यापक होते, डॉलर नव्हते. वर्गणी, पुस्तकांच्या जाहिराती, एखाद-दुसरी सहकारी संस्था, आणि मे दिनाच्या अंकात कामगार संघटनांच्या शुभेच्छांच्या चौकटी. त्या चौकटींचे पैसे यायला पुढचा मे दिन उजाडायचा. पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवायला आम्ही सगळेच बसायचो, संपादकांसकट. वर्गणी संपलेल्याला अंक बंद करायचा की नाही, यावर जेवढा वाद आमच्या मंडळात झाला तेवढा व्हिएतनामवर झाला नाही. संप चालू असलेल्या कारखान्यातल्या वर्गणीदारांचा अंक बंद करायचा नाही, असं ठरलं. संप लांबत गेले की फुकट जाणारे अंक वाढायचे. म्हणजे आम्ही ज्यांच्या बाजूचे, ते जितके अडचणीत तितके आम्ही अडचणीत. हिशेब म्हणून वाईट, पण मला तो कधी चुकीचा वाटला नाही.

आता न सांगण्यासारखं. एका वर्षी किमान वेतनावर आमचा खणखणीत अग्रलेख होता. तो जुळवत होते आमचे कंपोझिटर, ज्यांना सगळे तात्या म्हणायचे. त्यांचा स्वतःचा दोन महिन्यांचा पगार आमच्याकडे राहिला होता. अग्रलेखात वाक्य होतं, ‘अनेक ठिकाणी कामगारांचे वेतन थकले आहे.’ प्रूफ माझ्याकडे आलं तेव्हा तिथं होतं, ‘थकवले आहे’. मूळ प्रत पाहिली. ‘थकले’च होतं. तात्या चाळीस वर्षांचे मुरलेले, त्यांच्या हातून एक खिळा जास्त पडणं शक्य नाही. मी प्रूफ तसंच, काही खूण न करता, आत पाठवलं. दुसऱ्या दिवशी संपादक कुठून तरी पैसे घेऊन आले आणि एका महिन्याचा पगार झाला. दुसरा महिना पुढच्या वर्षापर्यंत राहिला. राहिला नव्हे, आम्ही ठेवला.

प्रश्न : डावी मंडळी वर्गाबद्दल बोलायची आणि जातीबद्दल गप्प बसायची. तुमचं साप्ताहिक वेगळं होतं का?

नाही. थोडं उशिरा सुधारलं, एवढंच.

आणि याला ‘त्या काळी सुचलं नसेल’ ही सबबही नाही. कृष्णराव भालेकरांनी सत्यशोधकी ‘दीनबंधू’ काढलं ते १८७७ साली. १८८०पासून ते नारायण मेघाजी लोखंड्यांनी चालवलं, आणि त्याच लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केलं. जात आणि मजुरी या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या टेबलावर होत्या, मराठीत ‘डावं’ हा शब्द राजकारणात रुळायच्या कितीतरी आधी.

मी तुम्हाला आमची अडचण पेन्सिलीच्या भाषेत सांगते. मुंबईच्या गिरण्यांत कापड विणण्याच्या खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. सूतकाताईपेक्षा तिथं मजुरी बरी. कारण असं की, मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यातली कांडी बदलताना सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि दुसऱ्याच्या थुंकीचा विटाळ. १९२८च्या मोठ्या संपात बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. वर्षानुवर्षं कामगारांच्या एकीच्या गोष्टी करणाऱ्यांना तो आधी दिसला नव्हता.

१९७०च्या दशकात कधी तरी यावर एक लेख आमच्याकडे आला. त्यात वाक्य होतं, ‘दलित कामगारांना विणकामात प्रवेश मिळत नसे.’ मी आता तरबेज झाले होते. ‘मिळत नसे’भोवती वर्तुळ केलं, समासात ‘कोणी?’ लिहिलं आणि आत पाठवलं. ते प्रूफ तीन दिवस परत आलं नाही. कारण उत्तर ‘मालकांनी’ नव्हतं. निदान एकट्या मालकांनी नव्हतं. शेजारच्या साच्यावर उभ्या असलेल्या कामगाराने. म्हणजे आमच्या वर्गणीदाराच्या वडिलांनी.

चौथ्या दिवशी प्रूफ आलं. संपादकांनी वाक्य दुरुस्त केलं होतं : ‘सवर्ण कामगार दलितांना विणकामात येऊ देत नसत, आणि मालकांना ते सोयीचे होते.’ अंक निघाल्यावर अकरा वर्गणीदारांनी अंक परत पाठवले. आम्ही त्यातली दोन पत्रं छापली, दुरुस्त न करता. शुद्धलेखनाच्या चुकाही तशाच राहू द्या, असं मला सांगण्यात आलं. मला ते पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. विरोधकाच्या चुका तशाच छापणं हा चोरटा मार आहे.

आणि एक. १९३८ साली ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला, त्यात बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले होते. तेव्हा, हे जमतच नव्हतं असं कोणी म्हणालं तर तेही ऐकून घेऊ नका.

प्रश्न : एवढी उघड बाजू घ्यायची तर ती पत्रकारिता कसली? प्रचारपत्रक म्हणा की. नियतकालिक निःपक्षच असलं पाहिजे.

तुमचं पत्र तिसऱ्यांदा आलंय, म्हणून उत्तर देते.

जून १९७५मध्ये आणीबाणी आली आणि छापण्याआधी मजकूर तपासून घ्यायचा हुकूम निघाला. काही दैनिकांनी निषेध म्हणून अग्रलेखाची जागा कोरी सोडली. लगेच सूचना निघाल्या : जागा कोरी सोडायची नाही, आणि थोरामोठ्यांची वचनं छापूनही भरायची नाही, गांधीजींची आणि टागोरांचीसुद्धा. कोरी जागा हीसुद्धा बाजू असते, हे सरकारला तुमच्याआधी कळलं होतं.

आमच्या शौर्याची गोष्ट मात्र ऐकायला मिळणार नाही. भारतीय कम्युनिस्ट पक्षाने आणीबाणीला पाठिंबा दिला होता, मार्क्सवादी पक्षाने विरोध केला होता, समाजवादी तुरुंगात गेले होते, आणि आमच्या मंडळात तिन्ही घरांतून आलेली माणसं होती. सहा आठवडे आमच्या अग्रलेखांत आणीबाणी हा शब्दच नव्हता. मक्याच्या पिकावर एक होता, तो आठवतो. सातव्या आठवड्यात अटकेतल्या कामगारांवरचा लेख तपासणीला पाठवला, त्यातले तीन परिच्छेद अधिकाऱ्याने खोडले. कोरं सोडायचं नाही, वचन टाकायचं नाही. संपादकांनी तिथं ‘जुन्या पुस्तकांना वाळवी लागू नये म्हणून’ असं एक घरगुती टिपण टाकलं. तेव्हापासून काही खोडलं गेलं की त्या जागी वाळवी यायची. कधी कपाटातली, कधी चौकटीतली. वाचक पत्रातून विचारायचे, ‘या आठवड्यात वाळवी किती ओळी?’

आपण वाचता त्या निःपक्ष दैनिकात उद्या सकाळी नुसती क्रियापदं तपासा. काय काय ‘झालं’, ‘पडलं’, ‘वाढलं’, ‘गेलं’ ते पेन्सिलीने मोजा. मग चौथं पत्र पाठवा.

प्रश्न : तुमचं साप्ताहिक का बंद पडलं?

हे विचारणाऱ्या पोस्टकार्डावर एवढी एकच ओळ आहे. पाठवणाऱ्या वाचकाला मी ओळखत नाही, पण खोडी काढलेली दिसते.

१९८९च्या सुरुवातीला कागद महागला होता, १९८२च्या मोठ्या संपानंतर गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्या नव्हत्या, वर्गणीदारांची यादी दर महिन्याला बारीक होत होती. मंडळाची बैठक झाली. मला आत बोलावलं नाही, मी मंडळावर नव्हते. तासाभराने एका हाती लिहिलेल्या कागदाचं प्रूफ तात्यांकडून माझ्याकडे आलं. संपादकांचं अक्षर तोवर थरथरायला लागलं होतं. मजकूर चार ओळींचा : ‘वाचकांस कळविण्यास खेद होतो की, आर्थिक अडचणींमुळे हे साप्ताहिक या अंकापासून बंद पडत आहे.’

मी बराच वेळ ते तसंच धरून बसले. तात्या समोर उभे होते, हात पुसत. ‘‘बाई, जाऊ द्या की,’’ म्हणाले. मी निळी पेन्सिल घेतली, ‘पडत आहे’भोवती वर्तुळ काढलं, समासात लिहिलं आणि आत पाठवलं.

दहा मिनिटांत आलं. अंकात छापलं ते असं : ‘संपादक मंडळाने पाच विरुद्ध दोन मतांनी हे साप्ताहिक बंद केले आहे.’ खेदही काढून टाकला होता.

विरोधातली दोन मतं कोणाची, ते छापलं नाही. एक त्यांचं होतं.